अंतरपाट पडला आणि आत्या दिसली

आमच्या घरात देवापुढे दिवा लावायला उशीर झाला तर बाबा काही बोलत नसत. पण सिनेमाची सुरुवात चुकली तर दोन दिवस घरात सुतक असायचं. सुरुवात म्हणजे नायक पडद्यावर येतो ती नव्हे. थिएटरातले दिवे मंद होऊ लागतात, मागच्या भोकातून उजेडाचा झोत निघतो आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र थरथरत उभं राहतं, तिथपासूनचं सगळं. बाबा एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. यंत्र पहिल्या मिनिटात कसा आवाज करतं त्यावरून ते दिवसभर कसं वागणार हे सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि सिनेमालाही त्यांनी हाच नियम लावला होता. जेवताना ते आम्हाला सिनेमांच्या गोष्टी सांगायचे, पण सांगायचे फक्त सुरुवाती. एका सिनेमात म्हणे पहिली तीन मिनिटं नुसती दाराची कडी दिसते आणि आतून भांडणाचा आवाज येतो. मग भांडण थांबतं आणि कडी हलते. एवढं सांगून बाबा भातावर ताक घ्यायचे. पुढे काय होतं असं विचारलं तर म्हणायचे, पुढे काय, पुढे गोष्ट असते.

मॅजेस्टिकला तीनच्या खेळाला जायचं तर आम्ही मल्लेश्वरमहून दीडलाच निघत असू. एकदा बस मध्येच बंद पडली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा डोअरकीपरने पडदा उचलला तर आत चक्क गाणं चाललेलं. बाबांनी तिथल्या तिथे आम्हा चौघींना पाठमोरं केलं आणि बाहेर आणलं. आईने त्या दिवशी नवी साडी नेसली होती, आणि मी पडद्याच्या फटीतून दिसलेल्या लाल घागऱ्याबद्दल नंतर महिनाभर विचार करत होते. आम्ही समोरच्या हॉटेलात मसाला डोसा खाल्ला आणि परत आलो. परतताना आत्या म्हणाली की पुढच्या वेळी तुम्ही सुरुवात बघून या, मी नंतर येऊन शेवट बघीन, म्हणजे घरात एक अख्खा सिनेमा तरी होईल.

आता मी बेळ्ळंदूरला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहते. इथून ऑफिसं दिसतात, तळं दिसतं, आणि सकाळी आठपासून न हललेल्या गाड्यांची एक रांग दिसते. परवा मुलाने टीव्हीवर एक मालिका लावली आणि सुरुवातीच्या पाट्या सुरू होताच रिमोटचं एक बटण दाबून त्या सगळ्या उडवल्या. असं बटणच आहे म्हणे, सुरुवात वगळायचं. बाबा असते तर त्यांनी तो टीव्ही बाल्कनीतून खाली टाकला असता, आणि खाली गाड्या हलत नसल्यामुळे तो कुणाच्या तरी टपावर नक्की पडला असता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती शाळेत गणित शिकवायची, आमच्याबरोबरच राहायची, आणि आमचा सगळा रस्ता, म्हणजे आठवा क्रॉस, तिला अक्का म्हणायचा. बाबाही अक्काच म्हणायचे, आई वन्सं म्हणायची, आणि आम्ही दोघी बहिणी आत्या. तिने लग्न का केलं नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण तेवढी कुणाची छाती नव्हती. तिच्या हातची आमटी ही आमटी आणि कन्नड घरांतली हुळी यांच्यामधली काहीतरी होती. चिंच इथली, गोडा मसाला तिकडचा. दोन्हीकडचे पाहुणे ती दुसऱ्यांची समजून कौतुकाने खायचे. माझ्या जन्माच्या वेळी आई बरेच दिवस आजारी होती, तेव्हापासून ताई आत्याच्या कुशीत झोपायची ती थेट कॉलेज संपेपर्यंत. आत्या ताईला ओरडायची, ताईचे केस ओढून वेणी घालायची, ताईचं गणित तपासताना पेन्सिल मोडायची. लाड म्हणून कधी केलेले मी पाहिले नाहीत.

या आत्याचा चेहरा हा या प्रकरणाचा विषय असल्यामुळे त्याचं वर्णन करायला हवं. तिला आनंद झाला की ती ओठ घट्ट मिटायची आणि नाकाची डावी पाकळी जरा वर चढायची. राग आला की तेच. वाईट वाटलं की तेच. मी दहावीला गणितात चांगले मार्क मिळवले तेव्हा तिने जे तोंड केलं, तेच तोंड तिने दूध नासलं तेव्हाही केलं होतं. परक्या माणसाला वाटावं हिने आत्ताच कारल्याचा रस प्यायलाय. आम्हाला मात्र ते बरोबर वाचता यायचं. त्यात काय वाचायचं हे आम्ही कधी शिकलो ते मला आठवत नाही, जसं मराठी कधी शिकलो ते आठवत नाही.

ताईचं लग्न नागपूरच्या एका चांगल्या घरात ठरलं आणि मल्लेश्वरमच्याच एका हॉलमध्ये झालं. हॉलबरोबर नादस्वरवाले, म्हणजे इथले सनईवाले, येतात, त्यांना नको म्हणता येत नाही. त्यामुळे आमच्या गुरुजींनी प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' म्हटलं की ते लोक मुहूर्त आला असं समजून जोरात वाजवायचे, असं पाच वेळा झालं. नागपूरची मंडळी पाचही वेळा दचकली. व्हिडिओ कॅसेट काढणं तेव्हा नवीन होतं. डोळे दिपवणारा दिवा घेऊन एक माणूस पुढे आणि कॅमेरा घेऊन दुसरा मागे, असे दोघे लग्नभर फिरत होते आणि पाहुणे अक्षता टाकायच्या सोडून केस सारखे करत होते.

लग्नानंतर आठ दिवसांनी बाबा त्या स्टुडिओत गेले, कॅसेटची सुरुवात कशी करणार ते विचारायला. स्टुडिओ कॉफीपूडच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर होता. मालक नंजुंडण्णा, पन्नाशीचे, कपाळावर गंध, खिशात तीन पेनं. त्यांनी सांगितलं की सुरुवात ठरलेली आहे: गणपती, मग गरगर फिरणारा गुलाब, मग बदामाच्या आकारात नवरानवरी. बाबांनी विचारलं, गुलाब का फिरतो? नंजुंडण्णांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाबा तीन दिवस रोज जाऊन त्यांना चांगल्या सुरुवातीची लक्षणं सांगत राहिले, तेव्हा चौथ्या दिवशी ते कंटाळून म्हणाले की सर, तुमची कॅसेट रांगेत सातवी आहे, तुमच्या मुलीला सुट्टी आहे, तिला पाठवा, शिकेल आणि तुम्हाला हवी तशी सुरुवात तीच करेल. बाबांना हे वरदान वाटलं. नंजुंडण्णांना ही सुटका वाटली. मी अठरा वर्षांची होते आणि मला फक्त घरातून बाहेर पडायचं होतं.

माळ्यावर दोन व्हीसीआर, दोन छोटे टीव्ही आणि एक मिक्सर नावाचं बटणांचं खोकं होतं. एका यंत्रात मूळ कॅसेट चालायची, दुसऱ्यात हवा तेवढा तुकडा उतरवून घ्यायचा, थांबायचं, पुढचा तुकडा शोधायचा, पुन्हा उतरवायचा. मधलं काही बदलायचं तर तिथून पुढचं सगळं परत करायचं. खाली कॉफीची चक्की सुरू झाली की माळ्याची फरशी गुणगुणायची आणि आमच्या प्रत्येक लग्नाला तो वास लागायचा. नंजुंडण्णा मला पुट्टी म्हणायचे, म्हणजे छोटी. मी घाई केली की "स्वल्प निधान, पुट्टी," आणि जमलं की "सरी." तिसरं काही मी त्यांच्या तोंडून कौतुकाचं ऐकलं नाही.

पण शिकवायचे जीव ओतून. पंगत दाखवताना जेवणारा घास उचलतो आणि तोंडाजवळ नेतो, तिथेच कापायचं. घास तोंडात गेलेला दाखवला की माणूस कॅसेट परत आणून देतो. नवरीची गाडी यायला उशीर झाला असेल तर एक तुकडा गाडीचा, एक तुकडा घड्याळाचा, एक तुकडा खोळंबलेल्या भटजींचा, असं आलटून पालटून लावायचं, म्हणजे लग्नाला आलेल्या माणसालाही आता काय होणार अशी धडधड वाटते. एक चित्र विरत विरत दुसरं उगवतं ती युक्ती फक्त पाठवणीला वापरायची, जेवणाला नाही. आवाज चित्राच्या आधी सोडायचा: पडदा काळा असतानाच नादस्वर वाजू दे, माणूस आपोआप सावरून बसतो. मी हे सगळं घरी येऊन सांगायचे आणि बाबा पानातला घास तोंडाजवळ धरून ऐकत राहायचे.

सगळ्यात मोठी विद्या मात्र 'मुख' ही होती. कॅमेरावाला मध्ये बॅटरी बदलतो, दिवा जातो, कुणी आडवं येतं. मग चित्र उडी मारतं: आत्ता हार हातात होता, पापणी लवायच्या आत तो गळ्यात. याला नंजुंडण्णा जर्क म्हणायचे. जर्क आला की मध्ये कुणाचा तरी चेहरा दोन-तीन सेकंद घालायचा, उडी झाकली जाते. त्यासाठी प्रत्येक लग्नात कॅमेरावाल्याने पंधरा मिनिटं नुसते चेहरे घ्यायचे असा त्यांचा शिरस्ता होता, आणि अशा चेहऱ्यांच्या कॅसेटी फळीवर वेगळ्या लावलेल्या असायच्या. एखाद्या लग्नात मुखं कमी पडली तर दुसऱ्या लग्नातली घ्यायची. एक गोड म्हाताऱ्या बाई मी स्वतः तीन वेगवेगळ्या लग्नांत हसवल्या आहेत. चेहऱ्याला स्वतःचा अर्थ नसतो, ते म्हणायचे; त्याच्या आधी जे चित्र येतं त्याचा अर्थ त्याला लागतो. मुलाच्या नंतर घातला तर माया, लाडवाच्या नंतर घातला तर भूक.

सहा लग्नं पार पाडल्यावर आमची कॅसेट आली, आणि सुरुवात मला पहिल्याच दिवशी सापडली. पडदा काळा. गुरुजींचा आवाज. मग अचानक सगळा पडदा पांढराशुभ्र, काहीच दिसत नाही, फक्त कापड जरा हलतंय, त्यावर कुणाच्या तरी डोक्याची सावली. 'सावधान' होतं, नादस्वर कडाडतो आणि तो पांढरा पडदा खाली पडतो. तो अंतरपाट असतो, आणि पलीकडे भावोजी उभे असतात. मी ते करून पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजही सांगते, पुढे आयुष्यभर मी शेतीच्या आणि आरोग्याच्या माहितीपटांचं संकलन करून पोट भरलं, पण त्याहून चांगली सुरुवात मला परत जमली नाही.

अडचण एकच होती. अंतरपाट पडला, भावोजींचा चेहरा दिसला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पुढचं चित्र एकदम हार गळ्यात पडल्यानंतरचं. भलामोठा जर्क, तोही सुरुवातीला. मी आमच्या लग्नाची मुखं चालवली आणि त्यात आत्या सापडली. जेवणघरातल्या खांबाजवळ उभी, ओठ मिटलेले, नाकाची पाकळी वर. अडीच सेकंदांनी एक वाढपी बादली घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेला आणि शॉट खराब झाला, म्हणून मी बादली यायच्या आत कापलं, नियमाप्रमाणे. भावोजींच्या चेहऱ्यानंतर आत्याचा चेहरा लावला आणि मग हार. घरी सगळ्यांनी पाहिलं तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला. अक्कांनी कसं आतल्या आत धरून ठेवलंय बघा, असं शेजारच्या सरोजम्माही म्हणाल्या. बाबा तर उठून उभेच राहिले. आत्या त्या वेळी शाळेत होती आणि नंतर तिने कॅसेट पाहायला नकार दिला. मी लग्नाला होते, मला माहीत आहे काय झालं ते, म्हणाली.

बाबांनी स्वतः कॅसेट कापडात शिवून नागपूरला पाठवली आणि सोबत व्याह्यांना पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं होतं: कृपा करून सुरुवात चुकवू नये, आम्हाला जे म्हणायचं आहे ते सगळं सुरुवातीतच आहे.

तिकडे व्हीसीआर आणून चाळीस माणसं जमवून कॅसेट पाहिली गेली. अंतरपाट पडला, घरचा मुलगा दिसला, आणि लगेच त्याला पाहून नवरीच्या आत्याने कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. सुरुवातीत सगळं आहे असं पत्रात लिहिलेलंच होतं, म्हणून त्यांनी ती पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्यांदा लावल्यावर ताईच्या सासूबाई उठून आत गेल्या. ताईने मला वेगळ्या पत्रात हे सगळं कळवलं. आत्याचा चेहराच तसा आहे, तिला आवडलं की ती असंच करते, असं तिने सांगून पाहिलं, पण सांगताना तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं. व्याह्यांचं पत्र मात्र शांत होतं. आपण लिहिल्याप्रमाणे सुरुवातीतच सगळं कळलं. अक्कांना मुलगा पसंत नव्हता तर आधी सांगायला हवं होतं. दिवाळसणाला सूनबाई आणि चिरंजीव येऊ शकणार नाहीत. अक्कांनी स्वतः खुलासा केल्यास पुढचं पाहू.

पहिला दिवाळसण. आईने ताईसाठी साडी आणून ठेवली होती, पितळी घंगाळ चिंचेने घासून ठेवलं होतं. ते पत्र वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. बाबा व्हीसीआरसमोर बसून ती सुरुवात परत परत पाहत होते आणि दर वेळी त्यांना ती अधिकच वाईट दिसत होती. एकदा तसं दिसलं की दुसरं काही दिसेचना, मलाही दिसेना. ताई येणार नाही याला दुसरं कुणी नाही, मी जबाबदार होते.

आईने आत्याला हळूच सुचवलं की वन्सं, दाढ दुखत होती म्हणून दोन ओळी लिहा. आत्या म्हणाली, दाढ दुखत नव्हती. मिरची चावली होती म्हणून लिहा. मिरची चावली नव्हती. मग काय झालं होतं अक्का, बाबांनी विचारलं, आणि हे विचारताना ते आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर ताठ उभे होते असं मला वाटलं. खोटं लिहिणार नाही आणि खरं कुणाला सांगायचं कारण नाही, एवढं म्हणून आत्या वह्या तपासायला बसली. तिला मुलगा खरंच पसंत नव्हता की काय, अशी शंका त्या दिवशी आमच्या घरातही शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर जाऊन नंजुंडण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कॅसेटची सुरुवात लावली, आत्याच्या चेहऱ्यावर थांबवली आणि विचारलं, कुठे कापलंस? बादलीच्या आधी, मी म्हटलं. बादलीच्या नंतर काय होतं? मी पाहिलं नव्हतं. खराब झालेला शॉट कोण पुढे पाहतो? त्यांनी फळीवरून आमच्या लग्नाची मुखं काढली. ती अजून पुसली नव्हती, कारण आत्याचा चेहरा फार उपयोगी पडत होता. मधल्या काळात त्यांनी तो होसकोटेच्या एका लग्नात आणि एका मुंजीत वापरला होता. दोन्हीकडे कुणाची तक्रार आली नाही.

त्यांनी कॅसेट चालवली. आत्या खांबाजवळ. ओठ मिटलेले. वाढपी बादली घेऊन गेला. बादली गेली, आणि मागे आत्या तशीच उभी होती, पण आता तिची हनुवटी थरथरत होती. तिने इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, पदर तोंडावर दाबला आणि भिंतीकडे वळून रडली. खांदे हलत होते. सहा सेकंद. मग कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे गेला.

मी आत्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. नंजुंडण्णांनी यंत्र थांबवलं, चष्मा पुसला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "घास कापायला शिकवलं होतं पुट्टी, माणूस कापायला नव्हे." मी लगेच म्हटलं, हे सहा सेकंद जोडू आणि कॅसेट पाठवून देऊ, ताई येईल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "बेडा. आधी अक्कांना विचार."

आत्याला काय विचारायचं ते मला सुचेना, म्हणून शाळा सुटल्यावर तिला तिथेच घेऊन आले. खाली चक्की सुरू होती. आत्या छत्री टेकत लाकडी जिना चढली, खुर्चीवर बसली आणि वर्गात मागच्या बाकावरून बघावं तसं त्या छोट्या टीव्हीकडे बघू लागली. बादली आली, गेली. आत्याने स्वतःला रडताना पाहिलं. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

तिने छत्री खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "विहिणीच्या पंगतीत बसली होती तुझी ताई. पानात वांगीबात आला. जन्मात वांगं खाल्लं नाही पोरीने. लहानपणापासून तिच्या पानातली वांगी मी माझ्या पानात घेतली. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुकाट्याने खाल्लं सगळं."

मी रडायला लागले. आत्याने मला रुमाल दिला आणि विषय बदलावा तशी म्हणाली की पण हा प्रकार जेवणघरातला आहे. अंतरपाट पडला तेव्हा आत्या स्वतः मांडवात नव्हतीच, मागे केशरीभात चाखून बघत होती. तो चेहरा तिकडे कसा काय आला? मी सांगितलं की आम्ही मागचं पुढे लावतो. "म्हणजे खोटंच की," आत्या म्हणाली. नंजुंडण्णा अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "स्वल्प."

आत्याने त्यांना ते सहा सेकंद परत लावायला सांगितले. या वेळी ती पुढे झुकून, चष्मा सारखा करून, एखादं अवघड गणित तपासावं तसं बघत होती.

"मी रडताना अशी दिसते?"

"हो," मी म्हटलं.

"बरी दिसते की," आत्या म्हणाली. मग छत्री उचलून उभी राहिली. "लाव. खुलासा मागितलाय ना त्यांनी, हाच पाठव. पत्र मी लिहिणार नाही."

सहा सेकंद वाढले की पुढचं सगळं लग्न सहा सेकंद पुढे सरकतं, म्हणून तीन तासांची कॅसेट मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. बादली काढता येईना. ती काढली तर आत्याचे दोन तुकडे पडत होते आणि मध्ये पुन्हा जर्क येत होता. मग मी ती राहू दिली. मंगलाष्टकं, पांढरा पडदा, भावोजी, आत्या, सांबाराची बादली, आणि मग पुन्हा आत्या. बाबांनी पाहिलं आणि सुरुवातीला बादली, एवढंच पुटपुटले. थोड्या वेळाने म्हणाले की असू दे, तिच्यामुळेच कळतंय. या वेळी त्यांनी सोबत पत्र लिहिलं नाही. कॅसेट कापडात शिवताना त्यांनी दोनदा बोटात सुई टोचून घेतली.

उत्तर यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत पोस्टमनची सायकल वळणावर वाजली की आम्ही चौघं चार खोल्यांतून बाहेर यायचो आणि एकमेकांना पाहून परत आत जायचो. शेवटी आंतर्देशीय पत्र आलं, ते बाबांच्या नावावर नव्हतं. ताईच्या सासूबाईंनी ते आत्याला लिहिलं होतं. आत्याने ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी केली, परत उघडलं आणि माझ्या हातात दिलं. वाच मोठ्यांदा, म्हणाली.

मी वाचलं. अक्का, कॅसेट सगळ्यांना परत दाखवली. मी लग्न होऊन निघाले तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं, मोठ्यांनी तसं बजावलं होतं. माझी आत्या तेव्हा दारामागे काय करत होती हे मला इतक्या वर्षांत कधी माहीत नव्हतं, आता कळलं. ती आता नाही. मुलांना दिवाळीला पाठवते. चार दिवसांत परत पाठवा असं म्हणणार नाही. पंधरा दिवस ठेवून घ्या.

मी मान वर केली तर आत्या रडत होती. पदर नाही, भिंत नाही, बैठकीच्या खोलीच्या मधोमध, आम्हा तिघांच्या समोर. आई जागची हलली नाही. बाबा व्हीसीआरला टेकून उभे होते आणि त्यांचाही चेहरा धड राहिला नव्हता. आम्ही तिघंही नुसते बघत राहिलो.

"बघताय काय?" आत्या नाक पुसत म्हणाली. "सिनेमा लागलाय का इथे? जा, चकलीची भाजणी दळून आणा. पंधरा दिवसांची."